चित्राखालची तारीख : नेपोलियनचे पतन आणि युरोपचे व्यंगचित्रकार

अठरावे शतक सरून एकोणिसावे उजाडत असताना लंडनमध्ये छापल्या गेलेल्या व्यंगचित्रांच्या तळाशी, चौकटीच्या कडेला, बारीक अक्षरांत एक ओळ कोरलेली आढळते; तीत प्रकाशकाचे नाव, त्याच्या दुकानाचा पत्ता आणि चित्र प्रसिद्ध झाल्याची तारीख दिलेली असते. ही ओळ कायद्याने आलेली होती. चित्रकार विल्यम होगार्थ आणि त्याचे व्यवसायबंधू यांच्या खटपटीमुळे ब्रिटिश संसदेने १७३५ साली कोरीव चित्रांच्या मालकीहक्काचा कायदा केला; चित्रांची चोरटी नक्कल करून विकणाऱ्यांना त्याने दंड ठरवून दिला, परंतु या संरक्षणाच्या बदल्यात मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख प्रत्येक पत्र्यावर कोरण्याचे बंधनही घातले. व्यापाराच्या सोयीसाठी आलेली ही तारीख पुढे इतिहासाच्या अभ्यासकांच्या कामी आली, कारण एखाद्या बलाढ्य सत्ताधीशाच्या पतनाचे चित्र कोणत्या दिवशी आणि कोणत्या गावी निघाले हे कळले, की त्या दिवशी त्याचा हात कुठवर पोहोचत होता हेही बऱ्याच अंशी कळते.

या दृष्टीने नेपोलियन बोनापार्टचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १७९९ साली त्याने फ्रान्सची सत्ता हाती घेतली, २ डिसेंबर १८०४ रोजी स्वतःच्या हाताने स्वतःच्या मस्तकावर सम्राटपदाचा मुकुट चढवला आणि १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर तो कायमचा पराभूत झाला. त्याच्या पतनाचे चित्र लंडनमध्ये १८०३ सालीच निघाले, सेंट पीटर्सबर्गमध्ये ते १८१२ च्या युद्धाने आणले, जर्मन प्रदेशांत त्यासाठी १८१३ चा ऑक्टोबर उजाडावा लागला आणि खुद्द पॅरिसमध्ये ते १८१४ च्या वसंतापूर्वी उघडपणे विकता आले नाही. विषय एकच असला, तरी या चार शहरांच्या तारखांमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे, आणि पतनाच्या व्यंगचित्राचे खरे स्वरूप या अंतरातच शोधावे लागते.

येथे दोन संज्ञांचा अर्थ ठरवून घेणे इष्ट ठरेल. एखाद्या घटनेतील किंवा धोरणातील विसंगती दाखवणारे चित्र म्हणजे व्यंगचित्र, आणि व्यक्तीच्या चेहऱ्यातील किंवा देहयष्टीतील एखादे वैशिष्ट्य वाढवून तिचा स्वभाव उघडा करणारे चित्र म्हणजे अर्कचित्र. युरोपीय भाषांतला ‘कॅरिकेचर’ हा शब्द ओझे लादणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदापासून आला आहे. मराठी शब्दात मात्र ओझ्याऐवजी अर्क आहे, म्हणजे फापटपसारा आटवून उरलेले सत्त्व. नेपोलियनच्या पतनाची चित्रे पाहताना हे दोन्ही अर्थ उपयोगी पडतात, कारण काही चित्रकारांनी त्याच्या प्रतिमेवर नाना गोष्टी लादल्या, तर काहींनी ती आटवत आटवत एका टोपीवर आणून ठेवली.

लंडन : समुद्रापलीकडचे धाडस

लंडनमधील ही चित्रे वृत्तपत्रांत छापली जात नसत. चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर मेणासारख्या द्रव्याचा थर देई, त्यावर सुईने रेखाटन करी आणि पत्रा आम्लात बुडवी; जेथे सुईने थर खरवडला असेल तेथे आम्ल धातू खाई, आणि त्या खाचांत शाई भरून दाबयंत्राखाली ओलसर कागदावर छाप घेतला जाई. नंतर कारागीर एकेका छापावर हाताने रंग भरत. असे सुटे छाप दुकानांतून विकले जात आणि दुकानाच्या काचेमागे लावलेले नवे छाप पाहण्यास रस्त्यावर गर्दी जमे. रंगीत छापाची किंमत साध्या मजुराला न परवडणारी असल्याने विकत घेणारा वर्ग सुखवस्तू असला, तरी काचेबाहेरून फुकट पाहणारा वर्ग त्याहून कितीतरी मोठा होता. पिकॅडिलीतील एक दुकानदार तर मेजवानीच्या संध्याकाळी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी व्यंगचित्रांचे जाड संग्रह भाड्यानेही देत असे.

या व्यवसायातील सर्वांत समर्थ हात जेम्स गिलरे याचा होता. १७५६ साली जन्मलेला हा चित्रकार हॅना हम्फ्री या प्रकाशिकेच्या सेंट जेम्स रस्त्यावरील दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत असे आणि त्याची बहुतेक प्रसिद्ध चित्रे तिच्याच नावाने निघाली. १८०३ सालच्या मे महिन्यात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील अल्पजीवी तह मोडला, तेव्हा गिलरेने ‘लिटल बोनी’ या पात्राला आकार दिला: हातभर देहावर गाडीच्या चाकाएवढी टोपी, जमिनीवर फरफटणारी तलवार, मांडीपर्यंत येणारे बूट आणि संतापाने नाचणारे पोर. त्याच वर्षीच्या २६ जूनच्या चित्रात इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज या पोराला तळहातावर उभे करून दुर्बिणीतून न्याहाळतो. गलिव्हरच्या सफरींतील राक्षसांच्या देशाचा प्रसंग येथे उसना घेतलेला आहे. ज्याच्या नावाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आक्रमणाची धास्ती पसरली होती, तो माणूस या चित्राने खिशात मावेल एवढा करून टाकला.

पतनाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे चित्र २४ ऑगस्ट १८०३ रोजी निघाले. बायबलमध्ये बेलशस्सर राजाच्या मेजवानीची कथा आहे. राजा उन्मत्त होऊन पवित्र पात्रांतून मद्य पीत असताना एक देहहीन हात भिंतीवर अक्षरे लिहू लागतो आणि राज्याचे दिवस भरल्याचे जाहीर करतो. गिलरेच्या चित्रात मेजावर बसलेला नेपोलियन बँक ऑफ इंग्लंड, लंडनचा किल्ला आणि राजवाडा ताटात घेऊन बसला आहे; आकाशातून आलेला एक हात अक्षरे दाखवतो आणि दुसऱ्या हातातील तराजूत राजमुकुटाचे पारडे जड भरते. नेपोलियन त्या दिवशी अद्याप सम्राटही झालेला नव्हता. गिलरेने त्याच्या राज्यारोहणाच्या पंधरा महिने आधीच त्याचे पतन रेखाटून ठेवले होते.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी या तारखेचा एक धागा जुळतो. हे चित्र निघाल्याला महिना होतो न होतो तोच, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्ली या सेनापतीने शिंदे आणि भोसले यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूवर नेपोलियनसमोर उभा राहिला. नेपोलियन त्याला ‘शिपायांचा सेनापती’ म्हणून हिणवीत असे आणि तो मात्र असईच्या लढाईलाच आपली सर्वोत्तम कामगिरी मानीत असे. गिलरेने आकाशातून काढलेला हात पुढे ज्या माणसाचा ठरला, त्याची घडण गोदावरीच्या खोऱ्यातील या मोहिमेत होत होती.

दुसरा धागा मुंबईचा आहे. तह टिकून होता तेव्हा नेपोलियनच्या सरकारने लंडनमधील टीकाकारांना आवर घालण्याची मागणी ब्रिटिश सरकारकडे वारंवार केली आणि तिचा परिणाम म्हणून झां पेल्तिये या परागंदा फ्रेंच पत्रकारावर, परक्या देशाच्या प्रमुखाची बदनामी केल्याबद्दल, २१ फेब्रुवारी १८०३ रोजी खटला चालला. पेल्तियेची बाजू जेम्स मॅकिंटॉश या वकिलाने मांडली. भाषण गाजले, तरी पंचांनी आरोपीला दोषी ठरवले, आणि शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच युद्ध सुरू झाल्याने ती कधी झालीच नाही. मॅकिंटॉश पुढच्याच वर्षी मुंबईत रेकॉर्डर म्हणजे मुख्य न्यायाधीश म्हणून आला आणि नोव्हेंबर १८०४ मध्ये त्याने मुंबईची लिटररी सोसायटी स्थापन केली; टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आज वाचक ज्या एशियाटिक सोसायटीत जातात तिचे मूळ या संस्थेत आहे. नेपोलियनची खिल्ली उडवण्याचा हक्क न्यायालयात मांडणाऱ्या माणसाची ही दुसरी ओळख मराठी वाचकाला अधिक जवळची आहे.

पेल्तियेचा खटला एक गोष्ट स्पष्ट करतो, ती म्हणजे लंडनचे स्वातंत्र्यही निखळ नव्हते. गिलरेला १७९७ पासून काही वर्षे सत्ताधारी पक्षाकडून वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळत होते, आणि शत्रूवर सोडलेल्या त्याच्या बाणांना घरच्या सरकारचा पाठिंबा होता. तरीही त्याची कुंचली भाडोत्री होती असे म्हणता येत नाही. २६ फेब्रुवारी १८०५ च्या त्याच्या सुप्रसिद्ध चित्रात पृथ्वीगोलाच्या आकाराचे वाफाळते पुडिंग मेजावर ठेवलेले असून नेपोलियन युरोपचा आणि ब्रिटनचा पंतप्रधान विल्यम पिट महासागराचा तुकडा कापून घेत आहे. खादाडपणात दोघांपैकी कोणीच मागे नाही. २३ जानेवारी १८०६ च्या चित्रात नेपोलियन हा जिंजरब्रेडचा, म्हणजे आले घालून भाजलेल्या आणि बाहुल्यांचे आकार दिलेल्या गोड भाकरीचा, भटारी झाला आहे. भट्टीतून तो बव्हेरिया आणि वुर्टेमबर्गचे ताजे राजे बाहेर काढतो, मागे त्याचा परराष्ट्रमंत्री तालेराँ कणीक तिंबतो आणि भट्टीखालच्या राखेत मोडलेल्या जुन्या राज्यांचे तुकडे पडलेले दिसतात. हे दोन्ही राजे त्याच महिन्याच्या १ तारखेला राजे झाले होते. बातमी लंडनला पोहोचून तिची थट्टा होण्यास जेमतेम तीन आठवडे लागले.

सेंट पीटर्सबर्ग : दरबाराच्या संमतीने

१८१२ च्या जूनमध्ये नेपोलियन सहा लाखांच्या आसपास सैन्य घेऊन रशियात शिरला आणि वर्षअखेरीस त्यातील फार थोडे लोक परतले. या मोहिमेने रशियन व्यंगचित्राला जन्म दिला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रशियात लुबोक नावाची लोकचित्रांची परंपरा होती. ठळक रेषा, भडक रंग आणि खाली चार बोलभाषेतील ओळी असलेले हे स्वस्त छाप जत्रांतून विकले जात आणि खेडुतांच्या भिंतींवर लागत. मॉस्कोचा गव्हर्नर रस्तोपचिन याने लोकांना धीर देण्यासाठी याच धाटणीची पत्रके काढली, आणि इव्हान तेरेबेनेव्हसारख्या शिकलेल्या कलावंताने ही धाटणी व्यंगचित्रासाठी वापरली.

तेरेबेनेव्ह मूळचा शिल्पकार. पीटर्सबर्गच्या नौदल कचेरीच्या भव्य इमारतीवरील उठावशिल्पांत त्याचे काम आहे. त्याच्या चित्रांत जनरलांपेक्षा शेतकरी अधिक दिसतात: नेपोलियनला चाबकाच्या तालावर नाचायला लावणारे मुझिक म्हणजे रशियन शेतकरी, फाटक्या शालींत गुंडाळलेले आणि कावळ्याचे सूप पिण्याची पाळी आलेले सम्राटाचे खासे शिपाई, शत्रूने डागलेला आपला हात स्वतःच्या कुऱ्हाडीने तोडणारा गावकरी. लंडनच्या चित्रांत नेपोलियनला ठेंगणे केले होते. येथे त्याला भुकेले आणि गारठलेले केले आहे, कारण त्याला हरवणारी शक्ती थंडी, भूक आणि गावकरी यांची आहे असे चित्रकाराला सांगायचे होते. जॉर्ज क्रुकशँक या तरुण इंग्रज चित्रकाराने १८१३ साली यांपैकी काही चित्रांच्या इंग्रजी आवृत्त्या कोरल्या, आणि पीटर्सबर्गचा विनोद काही महिन्यांतच लंडनच्या काचेमागे लागला.

हे धाडस तारखेच्या कसोटीवर तपासले, तर मात्र त्याची मर्यादा दिसते. १८०७ ते १८१२ या काळात झार आणि नेपोलियन यांच्यात मैत्रीचा तह होता, आणि त्या वर्षांत अशी चित्रे रशियात निघणे शक्य नव्हते. युद्ध पेटले आणि दरबाराने परवानगी दिली तेव्हाच ती निघाली. ज्या झारशाहीत स्वतःच्या राजाचे व्यंगचित्र अशक्य होते, तेथे परक्या राजाचे व्यंगचित्र हे देशभक्तीचे कर्तव्य ठरले.

जर्मन प्रदेश : सात वर्षांचा मुका काळ

न्यूरेंबर्गचा पुस्तकविक्रेता योहान फिलिप पाम याने १८०६ साली जर्मनीच्या घोर मानहानीविषयीची एक निनावी पुस्तिका विकली. नेपोलियनच्या आदेशाने त्याला पकडण्यात आले, लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले, आणि लेखकाचे नाव सांगण्यास त्याने नकार दिल्यावर २६ ऑगस्ट १८०६ रोजी ब्राउनाउ या गावी गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतरची सात वर्षे जर्मन प्रदेशांत नेपोलियनची उघड थट्टा जवळजवळ ऐकू आली नाही. ती क्षमता नव्हती म्हणून नव्हे. वायमारहून निघालेले एक नियतकालिक १७९८ पासून गिलरेच्या चित्रांच्या नकला सविस्तर भाष्यासह छापत होते, म्हणजे जर्मन वाचकाला व्यंगचित्राची भाषा चांगली अवगत होती.

१६ ते १९ ऑक्टोबर १८१३ या चार दिवसांत लाइपझिग येथे रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि स्वीडन यांच्या संयुक्त सैन्याने नेपोलियनचा पराभव केला, आणि बांध फुटावा तशी चित्रे बाहेर पडली. यांतील सर्वांत कल्पक चित्रकार योहान मिखाएल फोल्ट्स. त्याचा प्रकाशक फ्रीडरिश काम्पे हा पामच्याच न्यूरेंबर्गचा. लाइपझिग हे मोठ्या व्यापारी जत्रेचे शहर असल्याने फोल्ट्सने नेपोलियनला जत्रेहून परतणारा टपालवाला केले. तो ऱ्हाइन नदीच्या दिशेने धावत सुटला आहे आणि पाठीवरच्या फाटक्या पिशवीतून गमावलेल्या प्रदेशांच्या नावांची पत्रे एकामागून एक गळत आहेत. दुसऱ्या एका चित्रात तो अक्रोड फोडण्याची लाकडी बाहुली झाला असून लाइपझिग नावाचा अक्रोड त्याच्या दातांना दाद देत नाही.

१८१४ च्या नववर्षाची भेट म्हणून निघालेले चित्र मात्र हसवणारे नाही. बर्लिनच्या हेन्शेल बंधूंच्या आणि फोल्ट्सच्या नावांशी जोडले गेलेले हे चित्र लांबून नेपोलियनचे सरळसोट अर्धव्यक्तिचित्र वाटते. जवळ गेल्यावर दिसते, की चेहरा एकमेकांत गुंतलेल्या उघड्या प्रेतांचा बनलेला आहे, टोपी म्हणजे आक्रसून बसलेला गरुड आहे, कॉलर म्हणजे रक्ताचा प्रवाह आहे आणि अंगरखा म्हणजे नेपोलियनने उभारलेल्या ऱ्हाइन राज्यसंघाचा नकाशा आहे. छातीवर सन्मानचिन्हाच्या जागी कोळी जाळे विणून बसला आहे आणि खांद्यावरील झुबक्याच्या जागी असलेला एक हात त्या जाळ्याला भिडला आहे. अनेक देशांत आणि अनेक भाषांत या चित्राच्या नकला निघाल्या. लंडनच्या चित्रांनी नेपोलियनला हास्यास्पद केले, तर या चित्राने त्याची कीर्ती कशाची बनली आहे त्याचा हिशेब मांडला. सात वर्षे ज्यांना आपले तरुण त्याच्या सैन्यात पाठवावे लागले त्या प्रदेशांनाच हा हिशेब मांडणे साधले असते.

१८१४ मधील फोल्ट्सचे आणखी एक चित्र पतनाच्या चित्रणाचा नमुनाच ठरले. युरोपीय लोकचित्रांत ‘आयुष्याचा जिना’ हा जुना विषय आहे. कमानीसारख्या जिन्याच्या एका बाजूने बालक चढू लागते, पन्नाशीत माथ्यावर पोहोचते आणि दुसऱ्या बाजूने उतरत उतरत शंभरीला थडग्यापाशी येते. फोल्ट्सने या जिन्यावर नेपोलियनला चढवले: कॉर्सिकाचा पोरगा, लष्करी शाळेतील विद्यार्थी, पॅरिसमध्ये नशीब काढणारा तरुण, सेनापती, सत्ताधीश आणि माथ्यावर सिंहासनस्थ सम्राट, मग उतरणीवर स्पेनचा निरोप, मॉस्कोहून घसरगाडीतून पलायन, जर्मनीला रामराम आणि शेवटची पायरी. कमानीखाली मृत्यूनंतरचा मुक्काम म्हणून नरकाग्नी दाखवला आहे. या रचनेत एक सूक्ष्म डाव आहे. सरकारी चित्रकारांनी नेपोलियनला नियतीचा लाडका, सामान्य माणसाचे नियम लागू नसलेला पुरुष म्हणून रंगवले होते. जिन्याचे चित्र त्याला जन्म, वाढ आणि ऱ्हास यांच्या त्याच पायऱ्यांवर आणून उभे करते, ज्यांवर खेड्यातला विणकर आणि त्याची बायकोही उभी असतात.

पुन्हा लंडन : भाकिताची भरपाई

लाइपझिगची बातमी १८१३ च्या नोव्हेंबरच्या आरंभी लंडनला पोहोचली, तेव्हा स्ट्रँड रस्त्यावरील रुडॉल्फ आकरमन याने आपल्या दुकानावर मागून उजेड सोडलेले एक पारदर्शक भव्य चित्र लावले. थॉमस रोलँडसनच्या या चित्रात नेपोलियन नगाऱ्यावर आणि सांगाड्याच्या रूपातील मृत्यू तोफेवर बसून, गालाला हात लावून, एकमेकांकडे एकटक पाहत आहेत. पाठीमागे त्याचे सैन्य पळत आहे. आकरमन जन्माने सॅक्सनीचा, म्हणजे लाइपझिग ज्या राज्यात आहे तेथलाच होता, त्यामुळे या रोषणाईला विजयोत्सवाबरोबर घरच्या मुक्ततेचाही रंग होता.

३१ मार्च १८१४ रोजी दोस्त फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, एप्रिलमध्ये नेपोलियनने राजत्याग केला आणि मेच्या आरंभी तो एल्बा बेटावर उतरला. आता लंडनच्या दुकानांत स्पर्धा लागली. क्रुकशँकने एका चित्रात नेपोलियनला मेणबत्ती केले आणि तिची काजळी कापण्याची कात्री एका कोसॅक घोडेस्वाराच्या हाती दिली; दुसऱ्यात त्याला एल्बावर शौचपात्राच्या सिंहासनावर बसवून सैतानाकरवी पिस्तूल पुढे केले. तिसऱ्यात गिलरेचा जुना भटारी परत आला, पण आता फाटक्या वेशात, मोडक्या जिंजरब्रेडचे ताट डोक्यावर घेऊन तो बेटावर हाळी देत फिरतो आहे. १८०६ च्या चित्राला १८१४ च्या चित्राने दिलेले हे उत्तर व्यंगचित्राच्या परंपरेत स्मरणशक्ती कशी काम करते ते दाखवते.

खुद्द गिलरेला मात्र हे उत्तर पाहता आले नाही. १८०६ पासून त्याची दृष्टी आणि १८१० च्या सुमारास बुद्धी ढासळली. हॅना हम्फ्रीच्या देखरेखीखाली त्याने अखेरची वर्षे काढली आणि १ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या सतरा दिवस आधी, तो मरण पावला. पतनाचे भाकीत सर्वांत आधी कोरणारा चित्रकार ते पूर्ण होण्यापूर्वीच गेला, आणि पतनानंतरची गर्दी त्याच्या कल्पनांवर जगली.

पॅरिस : घराचे वासे

१८०० च्या जानेवारीत नेपोलियनने पॅरिसमधील राजकीय वृत्तपत्रांची संख्या एका हुकमाने तेरावर आणली आणि १८११ पर्यंत ती चारवर आली. १८१० च्या हुकमाने छापखान्यांवर परवान्याचे आणि छापील मजकुरावर तपासणीचे बंधन आले. अशा शहरात त्याची सत्ता असेपर्यंत त्याच्यावर व्यंगचित्र निघण्याचा प्रश्नच नव्हता. १८१४ च्या एप्रिलनंतर मात्र सेन नदीच्या काठावरील दुकानांत शेकडो छाप लटकू लागले, आणि ते बहुधा निनावी होते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. कालपर्यंत सम्राटाच्या विजयांचे छाप विकणारे दुकानदारच आज त्याच्या पराभवाचे छाप विकत होते.

पॅरिसच्या व्यंगचित्रकारांना हे वासे स्वतःच दिसत होते, ही तेथील विनोदाची खरी उंची आहे. २६ फेब्रुवारी १८१५ रोजी नेपोलियन एल्बाहून निसटला, २० मार्चला पॅरिसमध्ये परतला, आणि कालपर्यंत नेपोलियनच्या जागी आलेल्या राजा अठराव्या लुईच्या पायांशी असलेले अधिकारी पुन्हा त्याच्या पायांशी आले. तेव्हा ‘पिवळा बुटका’ या नावाच्या नियतकालिकाने वातकुक्कुटाला, म्हणजे वारा फिरेल तसा फिरणाऱ्या छपरावरील लोखंडी कोंबड्याला, त्या काळाचे बोधचिन्ह केले, आणि त्याच वर्षी बाजू बदलणाऱ्या नामवंतांचा एक कोशच प्रसिद्ध झाला; त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याने जितक्या वेळा निष्ठा बदलली तितकी वातदर्शक चिन्हे छापलेली होती. राजाच्या पतनाचे चित्र काढता काढता दरबाऱ्यांचे चित्र काढणे, हे या शहरालाच जमले.

याच महिन्यांत उलट बाजूचेही एक चित्र निघाले. नेपोलियन व्हायोलेटची फुले उमलतील तेव्हा परत येईल, असा त्याच्या अनुयायांचा समज असल्याने त्या फुलाचे नाव त्याचे टोपणनाव बनले होते. कानू या कोरक्याने १८१५ साली या फुलांचा एक साधा गुच्छ कोरला. पाकळ्या आणि पानांच्या कडा नीट पाहिल्या, की त्यांत नेपोलियन, त्याची पत्नी आणि मुलगा यांची मुखरेषा दिसते. दडवलेली प्रतिमा हे सत्तेच्या पोहोचीत राहणाऱ्याचे हत्यार असते, आणि वॉटर्लूनंतर ते पराभूतांच्या कामी आले.

सोळा वर्षांनी पॅरिसनेच हे हत्यार सिंहासनावरच्या राजावर चालवले. १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये शार्ल फिलिपाँ या संपादकाने न्यायालयातच राजा लुई-फिलिपचा चेहरा चार पायऱ्यांत नाशपाती, म्हणजे पेअर, होत जातो हे रेखाटून दाखवले आणि विचारले, की फळाशी साम्य असणे हा गुन्हा असेल तर शिक्षा कोणाला करायची. दोमिए या व्यंगचित्रकाराला राजाच्या एका चित्रापायी तुरुंगात जावे लागले, आणि १८३५ च्या सप्टेंबरमध्ये चित्रांवर पूर्वपरवान्याचे बंधन पुन्हा लादले गेले. शब्द हे मत असते, चित्र मात्र कृती असते, असा त्यामागचा सरकारी युक्तिवाद होता. २४ फेब्रुवारी १८४८ रोजी लुई-फिलिपने राजत्याग केला आणि ‘मिस्टर स्मिथ’ हे नाव घेऊन तो इंग्लंडला पळाला. पतनापूर्वी आणि राजाच्या डोळ्यांदेखत काढलेले पतनाचे चित्र म्हणून नाशपातीचे मोल १८१४ च्या शेकडो छापांहून अधिक आहे.

काय पडले आणि काय उरले

नेपोलियनला व्यंगचित्रांनी पाडले नाही. त्याला मॉस्कोच्या वाटेवरील भुकेने, स्पेनमधील दीर्घ युद्धाने, लाइपझिग आणि वॉटर्लू येथील संख्याबळाने पाडले. तो १५ जुलै १८१५ रोजी ब्रिटिश युद्धनौकेवर शरण गेला, ऑक्टोबरमध्ये सेंट हेलेना बेटावर पोहोचला आणि ५ मे १८२१ रोजी तेथेच मरण पावला. चित्रांनी केले ते काम निराळे आणि अधिक टिकाऊ होते. मृत्यूनंतर त्याची उंची फ्रेंच मापाने पाच फूट दोन इंचांहून किंचित अधिक भरली. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा असल्याने ती सुमारे १६८ सेंटिमीटर होते, म्हणजे त्या काळच्या सामान्य फ्रेंच पुरुषाहून तो बुटका नव्हता. तरीही दोन शतकांनंतर शाळकरी मुलालाही नेपोलियन बुटका होता एवढे ठाऊक असते. मोजपट्टीवर गिलरेच्या सुईने मात केली.

मात्र या यशाचा हिशेब एका दुसऱ्या तारखेशिवाय पुरा होत नाही. १९ जून १८२० रोजी, म्हणजे नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना, क्रुकशँकने इंग्लंडचा नवा राजा चौथा जॉर्ज याला कोणत्याही अनैतिक प्रसंगात न चितारण्याचे वचन लिहून दिले आणि त्याबद्दल १०० पौंड स्वीकारले. समुद्रापलीकडच्या पडलेल्या सम्राटाला शौचपात्रावर बसवण्यास ज्या हाताला काही किंमत मोजावी लागली नव्हती, त्याच हाताची घरच्या राजापुढे किंमत ठरली. पडलेल्या सत्ताधीशाचे चित्र काढणे सोपे असते, परक्याचे त्याहून सोपे, आणि आपल्याच सत्ताधीशाचे तो उभा असताना सर्वांत अवघड. म्हणून कोणत्याही देशातील, कोणत्याही काळातील पतनाचे व्यंगचित्र समोर आले, की वाचकाने चित्रातला राजा नंतर पाहावा. आधी कोपऱ्यातली तारीख आणि गावाचे नाव वाचावे.